सह्याद्रीच्या रानात वाट राखण्याबद्दल: पुण्यातल्या भटक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वारगेटहून एसटी धरली की दुपारच्या आत माणूस वेल्ह्यात पोचतो. लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की लोहगड-विसापूर समोरच. डोंगर इतका जवळ असल्यामुळे पुण्यातली माणसं घरातून निघताना फार विचार करत नाहीत. चुका होतात त्या बहुतेक इथेच. नव्याने फिरायला लागलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली सविस्तर दिली आहेत.

पूर्वी लोक रानात शिकारीला जायचे. आता जाता येतं का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक चालवणं नव्हे. फास लावणं, विष घालणं, सापळ्यात पकडणं, जखमी करणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी नासवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या बाबतीत ३ ते ७ वर्षांची कैद होऊ शकते. पीक खाणाऱ्या रानडुकराच्या बाबतीतही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही करता येत नाही. भीमाशंकर किंवा ताम्हिणीसारख्या अभयारण्यात विनापरवाना शस्त्र नेणं आणि आग लावणं हे वेगळे गुन्हे आहेत. रानात फास किंवा वाघर, म्हणजे शिकारीचं जाळं, लावलेली दिसली तर हात लावू नका. जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

शिकार गेली ते चांगलंच झालं. पण जुन्या शिकाऱ्यांच्या अंगात रान वाचण्याची जी विद्या होती, ती मात्र आपण सोडून देऊ नये. वारा कुठून येतोय, पाणवठा कुठे असेल, ही वाट जनावरांची की माणसांची, उजेड अजून किती आहे, हे त्यांना न विचारता कळत असे. पक्षी बघणाऱ्याला, फोटो काढणाऱ्याला, किल्ल्यावर जाणाऱ्यालाही तेच लागतं.

तयारी कधी सुरू करायची?

आदल्या संध्याकाळी, घरी बसून. वाटेचा नकाशा समोर घ्या आणि आधी वेळेचा हिशेब करा. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा दिला होता: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वेल्ह्यातून तोरणा म्हणजे साधारण ७०० मीटर चढ. वाट चार किलोमीटर धरली तर हिशेब दोन तासांचा येतो. पण आपल्याकडे ऊन, घसारा, फोटो, चहा आणि मागे राहणारे सोबती असतात. म्हणून आलेल्या आकड्यात निम्म्याची भर घालावी, आणि गट मोठा असेल तर आकडा सरळ दुप्पट धरावा. उतरायला कमी वेळ लागतो असंही समजू नका. मुरमाड उतारावर दमलेले गुडघे चढापेक्षा जास्त वेळ खातात.

मग परत फिरण्याची वेळ ठरवा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत पायाखालचं दिसेनासं होतं. दाट रानात, पूर्वेकडच्या उतारावर, अंधारून येतं ते त्याच्याही आधी. दुपारी दोनला परत फिरायचं ठरलं असेल तर शिखर दहा मिनिटांवर असलं तरी परत फिरायचं. हा एक नियम पाळला तर या पानावरचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

शेवटचं काम म्हणजे घरच्या कुणाला तरी चार ओळी लिहून द्यायच्या: कुठे जातोय, कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, सोबत कोण आहे, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. तोंडी सांगितलेलं ऐन वेळी कुणालाच धड आठवत नाही, म्हणून लिहूनच द्या. वाटेत बेत बदलला तर रेंज असेपर्यंत तेही कळवा.

मोबाइलमध्ये नकाशा असताना कागदी नकाशा कशाला?

मोबाइल वापराच, तो चांगलाच आहे. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे नकाशा घरून उतरवून घेतला आणि फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी दिवसभर टिकते. पण पावसात ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. कड्याला चिकटून चालताना उपग्रहाचा संदेश कातळावरून उलटून येतो आणि आपण आहोत त्यापेक्षा बऱ्याच दूरवर ठिपका दिसतो. शिवाय फोन पडतो, भिजतो, आणि गटातले सगळे एकाच फोनवर विसंबलेले असतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे अजूनही सगळ्यात भरवशाचे. पुण्याच्या पश्चिमेचा बराचसा घाटमाथा ४७ एफ या मालिकेत येतो. यात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचं २० मीटरचं अंतर. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे असं समजायचं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १५ मीटरचा सरळसोट कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. नकाशावर उतार सौम्य दिसला म्हणून तिथून उतरता येईलच असं नाही.

दुसऱ्याने चालून ठेवलेला ट्रॅक फोनवर उतरवून घेतला असेल तर तो कोणत्या महिन्यातला आहे ते आधी बघा. मार्चमधली मोकळी वाट सप्टेंबरात पुरुषभर गवताखाली गेलेली असते.

होकायंत्र वापरायचं कसं?

पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, फिरणारी चकती असलेलं होकायंत्र घ्या. नकाशा आडवा धरा. होकायंत्राची लांब कड आपण आहोत तिथून जायचं आहे तिथपर्यंत ठेवा. चकती फिरवून तिच्यातल्या रेषा नकाशाच्या उत्तरेशी समांतर करा. आता होकायंत्र छातीशी धरून, सुईचं लाल टोक चकतीवरच्या उत्तरेच्या खुणेवर येईपर्यंत स्वतः गोल फिरा. पट्टीवरचा बाण दाखवेल ती आपली दिशा. त्या दिशेतलं एखादं झाड किंवा दगड हेरा, तिथवर जा आणि पुढची खूण हेरा. सुईकडे बघत चालू नका, पाय घसरतो.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या भागात एका अंशापेक्षा कमी फरक आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांत शिकवतात ती बेरीज-वजाबाकी आपल्याला करावी लागत नाही. काळजी घ्यायची ती कातळाची. आपला बेसॉल्ट लोहयुक्त आहे, आणि वीज पडलेल्या धारेवर, म्हणजे डोंगराच्या कण्यावर, खडकाचं चुंबकत्व सुईला ओढतं. म्हणून होकायंत्र दगडावर न ठेवता हातात धरावं आणि दहा पावलं सरकून दिशा पुन्हा तपासावी. मोबाइल आणि चुंबकाची बटणं असलेल्या पिशव्याही सुईपासून दूर ठेवा.

आपण नेमके कुठे आहोत हे कळत नसेल तर ओळखीचे दोन डोंगर शोधा. समजा एकीकडे सिंहगडाचा मनोरा दिसतोय आणि दुसरीकडे तोरण्याचा लांब माथा. दोन्हींच्या दिशा घ्या आणि नकाशावर त्या डोंगरांपासून उलट रेषा ओढा. त्या जिथे छेदतील तिथे आपण. हे सिंहगडावर, सगळं स्वच्छ दिसत असताना, दोन-तीनदा करून बघा. धुक्यात पहिल्यांदा शिकता येत नाही.

होकायंत्रही नसेल तर?

सूर्याचा आधार आहे, पण तो जपून घ्यावा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे घड्याळाच्या काट्यांनी दक्षिण शोधण्याची युक्ती या दिवसांत फसवते. हिवाळ्यात मात्र दुपारची सावली नीट उत्तरेकडे पडते.

रात्री ध्रुवतारा. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत, म्हणून तोही क्षितिजापासून तितकेच अंश वर असतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या तर वरच्या मुठीच्या कडेजवळ तो सापडेल. उन्हाळ्यात सप्तर्षींवरून आणि हिवाळ्यात शर्मिष्ठेवरून तो शोधता येतो. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे जवळजवळ नेमके पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. थंडीतल्या मुक्कामात हे फार उपयोगी पडतं.

लोक नेमके कुठे चुकतात?

बहुतेक वेळा ढोरवाटांवर. घाटमाथ्यावर गुरं चरतात, आणि त्यांच्या वाटा सुरुवातीला माणसांच्या वाटेइतक्याच ठळक असतात. पण ढोरवाट एकाच उंचीवरून आडवी पसरते, तिला फाटे फुटत जातात, आणि शेवटी ती गवतात किंवा कारवीच्या झुडपांत विरून जाते. माणसांच्या वाटेवर दगड झिजलेले असतात, चढावर कुठे खोदीव पायरी किंवा खोबण असते, फांद्या कोयत्याने तोडलेल्या दिसतात, मोक्याच्या जागी कुणीतरी दगडावर दगड रचलेले असतात. कारवी खांद्याला घासायला लागली आणि बराच वेळ यातलं काहीच दिसलं नाही, तर थांबा. वाट सुटली आहे.

दुसरी जागा खिंडीतली. खिंडीत चार वाटा एकत्र येतात, गप्पांच्या भरात पुढचा माणूस रुंद वाट धरतो, आणि बाकीचे त्याच्या टाचांकडे बघत मागून जातात. प्रत्येक फाट्यावर सगळ्यांनी एकत्र थांबायचं आणि मागचा माणूस येईपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही.

तिसरी जागा परतीची. जाताना आपण वाट फक्त एका बाजूने बघितलेली असते. म्हणून चढताना अधूनमधून मागे वळून बघा. फाट्यावरचं वाकडं झाड, पांढरा दगड, पलीकडच्या डोंगराचा आकार, हे सगळं परतताना दिसेल तसं बघून ठेवायचं. फाट्याचे मोबाइलवर फोटो काढायचे असतील तर मागे वळून काढा.

धुकं हे चौथं. सड्यावर, म्हणजे सपाट कातळपठारावर, पाऊलवाट उमटतच नाही. त्यात धुकं उतरलं की सरळ चालतोय असं वाटत असताना माणूस वळत जातो. पश्चिमेचा कडा अनेक ठिकाणी ५०० मीटरहून जास्त खोल आहे आणि धुक्यात त्याची कड दिसत नाही. अशा वेळी पूर्वेकडे सरकून बसून राहणं चांगलं. धुकं बहुतेकदा मधूनमधून फाटतं.

वाट चुकली असं वाटलं तर पहिलं काय करायचं?

खाली बसायचं. पिशवी उतरवा, पाणी प्या, काहीतरी खा. घाबरलेला माणूस वेगाने चालतो, आणि वेगाने चालणारा माणूस आणखी चुकतो.

मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची: आपल्याला खात्रीने माहीत असलेली शेवटची जागा कोणती? टाकं, मंदिर, फाटा, काहीही. तिथवर आल्या पावली परत जायचं. माणसाला मागे जाणं जिवावर येतं, इतका चढ पुन्हा कोण चढणार असं वाटतं. इथेच खरा धोका असतो. समोर दिव्यांचं गाव दिसतं, सरळ खाली उतरलं तर अर्ध्या तासात पोचू असं वाटतं, आणि लोक झाडीतून वाट काढत उतरायला लागतात.

मागची वाटही सापडत नसेल तर दोघांनी मिळून, पंधरा मिनिटांची मुदत ठेवून, एकेका दिशेला शोध घ्यावा. बाकीच्यांनी जागा सोडू नये आणि दर थोड्या वेळाने शिट्टी द्यावी. एकट्याला पाठवायचं नाही. मुदत संपली की काही सापडलं असो वा नसो, परत यायचं.

ओढ्याच्या कडेने उतरत गेलं तर गाव लागतंच ना?

हा सल्ला कुठल्या तरी सपाट देशातला आहे. सह्याद्रीत तो जीव घेतो.

आपला डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांनी बनलेला आहे. कठीण थर कडा म्हणून उभे राहतात आणि मऊ थर झिजून त्यांचा झाडीभरला पदर होतो. ओढा वरून येतो तो या प्रत्येक टप्प्यावरून उडी मारत येतो. त्याच्यासोबत उतरणारा माणूस पहिला आठ-दहा फुटांचा टप्पा कसाबसा सरकत उतरतो, दुसरा उतरतो, आणि तिसऱ्या टप्प्याच्या वर येऊन अडकतो. खाली शंभर फुटांचा धबधबा, आणि वरचा शेवाळलेला कातळ परत चढता येत नाही. नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरणाऱ्या वाटा आहेत, पण त्या पूर्वापार वापरातल्या आहेत आणि माहीतगार माणूस बरोबर असेल तरच उतरायच्या.

त्यापेक्षा सोंडेवर, म्हणजे डोंगरातून खाली उतरत आलेल्या रांगेवर, किंवा धारेवर चढा. तिथून चहूकडचं दिसतं, रेंज मिळण्याची शक्यता असते, शोधणाऱ्यांनाही तुम्ही दिसता, आणि गावांत उतरणाऱ्या जुन्या वाटा बहुतेक सोंडेवरूनच जातात. परत चढता येणार नाही असा एकही टप्पा खाली उतरू नका. अपवाद फक्त विजांचा. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की धार आणि एकटं झाड दोन्ही सोडून उतारावर बुटक्या झाडीत बसा.

रात्र रानात काढावी लागली तर?

काढावी. अंधारात कातळ उतरण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. उजेड असतानाच जागा निवडा: ओढ्याच्या पात्राबाहेर, सुट्या दगडांच्या कड्याखाली नाही, वाऱ्याच्या आडोशाला. ओले कपडे बदला, खाली पिशवी किंवा पाला घाला, एकमेकांना चिकटून बसा. पावसाळ्यात २० अंशांतही भिजलेला, वाऱ्यात बसलेला माणूस गारठून गलितगात्र होतो. तो अडखळत बोलायला लागला किंवा थरथर थांबून सुस्तावला तर त्याला आधी कोरडं करा. सुकलेल्या गवतात शेकोटी पेटवू नका. फेब्रुवारीपासून मेपर्यंत एका ठिणगीने आख्खा उतार पेटतो, आणि वणवा चढाच्या दिशेनेच धावतो. वणव्यात सापडलात तर वर पळण्याऐवजी बाजूला व्हा, शक्य झालं तर आधीच जळून गेलेल्या जमिनीवर जा.

पिशवीत काय असलंच पाहिजे?

दोन विजेऱ्या, त्यांतली एक डोक्याला बांधायची. शिट्टी. होकायंत्र, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा. काडेपेटी, छोटा चाकू, जलसंजीवनीची पाकिटं, बँडेज, रोजची औषधं. एक कोरडा कपड्यांचा जोड पिशवीत बांधून. पातळ रेनकोट, हवा स्वच्छ असली तरी. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि पाय उचलू देत नाही. बूट ओल्या कातळावर पकड धरणारे हवेत, आणि ते नवे असतील तर आधी पर्वतीवर फिरवून आणा. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की. एका वेळचं जेवण जास्तीचं घ्या आणि ते घरी परत आणायचं असंच धरून चाला.

पाणी किती घ्यावं?

थंडीत माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार-पाच. गडावरच्या प्रत्येक टाक्यातलं पाणी पिण्याजोगं नसतं, आणि उन्हाळ्यात बरीच टाकी तळाला जातात. पायथ्याच्या गावात विचारून मगच त्यांच्यावर भिस्त ठेवा. अर्धं पाणी संपलं आणि अजून चढतोच आहात, तर परत फिरायची वेळ झाली.

साप, विंचू, मधमाश्या यांचं काय?

सापाची भीती जास्त आणि गाठभेट कमी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार घातक विषारी साप, आणि सरकारी रुग्णालयांत मिळणारी प्रतिविषाची लस या चौघांवर चालते. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, घड्याळ काढा. तो हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करा आणि माणसाला न चालवता उचलून न्या. साप पकडायच्या फंदात पडू नका. विंचवासाठीही दवाखानाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कितीतरी जीव वाचवले. मात्र ते औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

किल्ल्यांवर मला जास्त धास्ती वाटते ती आग्या मोहोळाची. कड्याच्या कपारीत पोळी लटकलेली असतात. धूर, अत्तर, मोठा आवाज, भिरकावलेला दगड, यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हातवारे न करता तोंड झाकून, कड्यापासून लांब, दाट झाडीत किंवा बंद खोलीत शिरा. नांगी नखाने लगेच खरवडून काढा. चेहरा सुजायला लागला किंवा श्वास अडकला तर एक मिनिटही थांबू नका.

पावसाळ्यात जावं का?

सोप्या, ओळखीच्या वाटेवर जावं. ओढे ओलांडावे लागतात तिथे जाऊ नये. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. असा पाऊस वर माथ्यावर पडत असताना खाली कदाचित भुरभुरच असते, आणि घोट्याएवढा ओढा बघता बघता कमरेएवढा होतो. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात जून २०२४ मध्ये एक कुटुंब वाहून गेलं, तेही असंच. जाताना ओलांडलेला ओढा परतताना फुगलेला दिसला तर अलीकडच्या काठावर थांबा. पाऊस ओसरला की तो काही तासांत उतरतो. आणि जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश असतील तर ते पाळा. बचावाला येणारी माणसंही त्याच पाण्यात उतरतात.

मदत कुणाकडे मागायची? रेंज नसेल तर?

११२ लावा. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा मनोरा जवळ असेल तर हा फोन लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची आणि गिर्यारोहकांची बचाव पथकं राज्यभर आहेत, आणि पोलीस त्यांना बोलावतात. फोनवर सगळ्यात आधी जागा सांगा: जीपीएसचे आकडे, जवळचं गाव, कोणत्या बाजूने चढलात. मग किती माणसं आणि कुणाला काय झालंय. त्यानंतर जागा बदलू नका आणि बॅटरी वाचवा.

फोन लागतच नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. रात्री हेच विजेरीने. समोरून मिनिटात तीन आल्या तर तुमची हाक पोचली. परदेशातून मागवलेला सॅटेलाइट फोन सरकारी परवान्याशिवाय जवळ बाळगणं भारतात बेकायदा आहे, म्हणून तो मार्ग नको.

गावातला वाटाड्या घ्यावा का? वाट विचारायची कशी?

अनोळखी वाटेसाठी जरूर घ्या, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. पिंपरीहून अंधारबनात उतरून हिर्डीमार्गे भिऱ्याला जाणं किंवा तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाची संजीवनी माची गाठणं, अशा लांब वाटांवर पहिल्या खेपेला तर घ्याच.

वाट विचारताना "मामा, ही वाट गडावरच जाते ना?" असं विचारू नका. मान राखायला माणूस "हां" म्हणतो. "मामा, गडावर जायला कुठून जाऊ?" असं मोकळं विचारा. किती वेळ लागेल याचं उत्तर मिळालं की ते त्यांच्या पायांचं आहे हे ध्यानात घ्या आणि दुप्पट धरा. पुढे फाटा कुठे लागतो आणि तिथे कोणत्या हाताला वळायचं नाही, हेही आवर्जून विचारा. धनगरवाड्यावरची मावशी हे जितकं नेमकं सांगते तितकं कुठलाच नकाशा सांगत नाही. निघताना आपण किती जण आहोत आणि कधी उतरणार हे तिला सांगून जा, आणि उतरल्यावर वाड्यावरून जाताना हाक देऊन जा, म्हणजे संध्याकाळी ती उगाच वाट बघत राहणार नाही.